वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे आणि मेक्सिकोचा मका



खरिपाच्या तोंडावर गावोगावी बियाण्याच्या सभा होतात. त्या सभांमध्ये एक प्रश्न ठरलेला असतो. मागे बसलेला एखादा भाऊ उठतो आणि विचारतो की, संकरित मक्याचं चांगलं टपोरं कणीस पाहून बियाण्याला राखलं, पुढच्या साली तेच पेरलं, तर पीक एकसारखं का आलं नाही? काही झाडं उंच, काही बुटकी. कुठे कणीस भरलेलं, कुठे अर्धं रिकामं. बियाणं तर एकाच कणसाचं होतं!

प्रश्न अगदी रास्त आहे. या प्रश्नाच्या पोटात जनुकशास्त्राचा अर्धा इतिहास दडलेला आहे. आणि तुम्हाला नवल वाटेल, त्या इतिहासाचं एक पान आपल्या वर्ध्यात जन्मलेल्या आणि नागपुरात देह ठेवलेल्या माणसाच्या नावावर आहे. त्यांचं नाव डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. स्वातंत्र्याच्या इतिहासात गदर पक्षाचे क्रांतिकारक म्हणून त्यांचं नाव येतं. पण मक्याच्या वावरातले खानखोजे आपल्याच भागात फारसे कुणाला ठाऊक नाहीत. म्हणून आज त्यांची कथा सांगतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तरही त्याच कथेत आहे.

वर्धा ते अमेरिका

खानखोजे यांचा जन्म १८८४ च्या सुमाराचा, वर्ध्याचा. सुरुवातीचे शिक्षण वर्ध्यात झाले आणि पुढचे नागपूरच्या नील सिटी हायस्कूलमध्ये. घरात अठराशे सत्तावनच्या बंडाच्या गोष्टी ऐकत ते मोठे झाले. त्या काळी लोकमान्य टिळकांच्या शब्दाने तरुण पोरं पेटून उठत असत. खानखोजे त्यांपैकीच एक. सरकारची नजर त्यांच्यावर पडली, आणि १९०६ च्या सुमारास त्यांनी देश सोडला. आधी जपान, मग तिथून अमेरिका.

अमेरिकेत दोन गोष्टी शिकायच्या, असे त्यांनी ठरवले होते. एक बंदूक चालवणे आणि दुसरी शेती. ऐकायला विचित्र वाटते, पण त्यांच्या मनात हिशेब सरळ होता. देश सोडवायचा तर लढता आले पाहिजे, आणि सुटलेल्या देशाला जेवू घालायचे तर पिकवता आले पाहिजे. खिशात पैसा नव्हता. मिळेल ती मजुरी करून त्यांनी दोन्ही विद्या मिळवल्या. कॅलिफोर्नियातल्या माउंट टमालपाइस लष्करी अकादमीत त्यांनी सैनिकी शिक्षण घेतले. पुढे ओरेगॉन आणि वॉशिंग्टन या राज्यांतल्या कृषी महाविद्यालयांत ते शेतीशास्त्र शिकले.

त्या भागात लाकडाच्या गिरण्यांत आणि शेतांवर पंजाबी मजूर मोठ्या संख्येने राबत होते. खानखोजे त्यांच्यात मिसळले. पंडित काशीराम यांच्याबरोबर त्यांनी संघटना उभी केली. १९१३ मध्ये गदर पक्ष स्थापन झाला, त्याच्या संस्थापकांमध्ये लाला हरदयाळ आणि सोहनसिंग भकना यांच्यासोबत वर्ध्याचे खानखोजेही होते. मेक्सिकोतून आलेल्या शेतमजुरांशी त्यांची ओळख याच काळात झाली. मेक्सिकोत १९१० मध्ये क्रांती सुरू झाली होती आणि जमीन कसणाऱ्याची असावी ही तिथल्या शेतकऱ्यांची मागणी होती. ही गोष्ट त्यांच्या मनात रुजून बसली.

बंदूक खाली, नांगर हाती

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. ब्रिटिश सत्तेवर बाहेरून घाव घालण्याची हीच वेळ आहे, असे गदरच्या लोकांना वाटले. खानखोजे नाव बदलून, वेष बदलून तुर्कस्तानमार्गे इराणात गेले. दक्षिण इराणातल्या टोळ्यांच्या साथीने ते ब्रिटिश फौजांशी लढले. जखमी झाले, पकडले गेले, निसटले. डोंगरदऱ्यांतून उपाशीतापाशी महिनोन्‌महिने फिरले. पण बेत फसला. युद्ध इंग्रजांनी जिंकले आणि खानखोजे यांना मायदेशाचा दरवाजा बंद झाला.

पुढची काही वर्षे युरोपात गेली. वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्याबरोबर १९२१ मध्ये मॉस्कोला गेलेल्या भारतीय क्रांतिकारकांच्या गटात ते होते. बर्लिनमध्येही राहिले. वय चाळिशीला टेकले होते. देश नाही, घर नाही, आणि ज्यासाठी सगळे सोडले ते काम हातातून निसटलेले. अशा वेळी माणूस खचतो. खानखोजे यांनी आपली दुसरी विद्या बाहेर काढली.

१९२४ मध्ये ते मेक्सिकोला पोचले. कॅलिफोर्नियात असताना ओळख झालेले रामोन दे नेग्री तिथे कृषिमंत्रिपदावर राहिलेले होते. ती ओळख कामी आली. मेक्सिको शहराजवळ चापिंगो नावाच्या ठिकाणी तेव्हा राष्ट्रीय कृषी विद्यालय होते. एका जुन्या जहागिरीच्या वाड्यात आणि जमिनीवर ते भरत असे. तिथे खानखोजे शिकवू लागले. भाषा स्पॅनिश, तीही नव्याने शिकायची. पण माती, बी आणि शेतकरी यांची भाषा त्यांना येत होती.

चापिंगोच्या वावरात

मेक्सिको हे मक्याचे माहेर. आपल्याकडे ज्वारीला जो मान, तो तिथे मक्याला. सकाळची भाकरी मक्याची, रात्रीचीही मक्याचीच. चापिंगोचा भाग समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंच पठारावर आहे. तिथे थंडीचा तडाखा बसतो, पाऊस दगा देतो. आणि जमिनीचे वाटप होऊन नुकतेच मालक झालेले शेतकरी म्हणजे हातात तुकडा आला, पण बियाणं नाही, जोड नाही, शिक्षण नाही, अशा अवस्थेतले.

खानखोजे यांनी संशोधनासाठी मका निवडला. आणि मक्याबरोबर त्याच्या बांधावरच्या एका गवतालाही हात घातला. या गवताचे नाव तेओसिंते. मेक्सिकोत ते मक्याच्या शेतात, धुऱ्यावर आपोआप उगवते. आपल्या ज्वारीत बरू उगवतो तसे म्हणा. तेओसिंतेला एक दांडा नसतो, बुडापासून फुटवे फुटून झुडूप होते. कणीस म्हणाल तर बोटाएवढेही नाही. त्यात पाच ते बारा दाणे, दोन ओळींत, आणि प्रत्येक दाणा दगडासारख्या टणक कवचात. दाताने फुटत नाही. मक्याच्या कणसात मात्र शेकडो दाणे, उघडे, ताटात पडायला तयार.

पाहणाऱ्याला वाटावे, या दोघांचे नाते काय? पण दोघांच्याही पेशीत गुणसूत्रांच्या दहाच जोड्या आहेत. दोघांचा संकर होतो आणि संकराच्या बियाला पुढे बी धरते. घोडा आणि गाढवाचा संकर केला तर खेचर जन्मते, पण खेचराला पिलू होत नाही. मका आणि तेओसिंते यांचे तसे नाही. म्हणजे ही दोन घरे वेगळी दिसली तरी भाऊबंदकीतलीच.

खानखोजे यांनी मका आणि तेओसिंते यांचे संकर केले. गवताचा काटकपणा आणि मक्याचा दाणा एका झाडात आणता येईल का, हा प्रयत्न होता. निवडीने आणि संकराने त्यांनी मक्याचे नवे वाण काढले. १९३० मध्ये चापिंगोहून त्यावर त्यांची पुस्तिका निघाली. १९३६ मध्ये त्यांनी ग्रानादा नावाच्या मक्यावर आणखी एक पुस्तिका लिहिली. ग्रानादा म्हणजे डाळिंब. या मक्याला हाताच्या बोटांसारखी एकाच जागी अनेक कणसे येत. टीना मोदोत्ती नावाच्या त्या काळच्या प्रसिद्ध छायाचित्रकार बाईंनी त्यांच्या मक्याच्या प्रयोगांची छायाचित्रे घेतली, ती आजही पाहायला मिळतात. मक्याखेरीज गव्हावरही त्यांनी काम केले.

कणसाच्या आत काय घडते

आता थोडं थांबून तुमच्या प्रश्नाकडे वळू. संकर म्हणजे नेमकं काय होतं?

मक्याच्या झाडाला वर तुरा येतो, तो नर. खाली कणसातून ज्या मिशा बाहेर येतात, त्या मादीच्या. एकेक मिशी म्हणजे एकेक दाण्याकडे जाणारी वाट. तुऱ्यातला एक परागकण मिशीवर पडला की आत एक दाणा धरतो. म्हणून एका कणसातले सगळे दाणे एका आईचे असले तरी एका बापाचे असतीलच असे नाही. वारा कुठून आला, शेजाऱ्याने काय पेरले, यावर ते ठरते. संशोधक कणसाला मिशी फुटण्याआधीच कागदी पिशवी बांधतात आणि हव्या त्या झाडाचा पराग आपल्या हाताने टाकतात. खानखोजे यांच्या काळी संकराचे काम असेच चाले, आजही असेच चालते.

आता पेशीच्या आत चला. प्रत्येक पेशीत झाडाचा सारा कारभार लिहिलेला असतो. त्या दप्तराला आपण डीएनए म्हणतो. ही एक लांबच लांब दोरी आहे, दोन पेडांची. तिच्यावर चारच अक्षरे पुन्हा पुन्हा येतात, ए, टी, जी आणि सी. ए समोर टी, जी समोर सी, ही जोडी ठरलेली. पेशीची वाढ होऊन एकाच्या दोन व्हायच्या असतात तेव्हा दोरीचे पेड सुटतात आणि प्रत्येक पेडासमोर जोडीची अक्षरे बसून नवा पेड तयार होतो. एका दप्तराची दोन दप्तरे झाली! पटवाऱ्याकडून सातबाराची नक्कल काढावी, तसेच हे. दोरीवरचा जो तुकडा एखादे काम सांगतो, म्हणजे दाण्याचा रंग, झाडाची उंची, त्याला जनुक म्हणतात.

नक्कल करताना क्वचित एखादे अक्षर चुकते. जमिनीच्या नोंदीत बदल झाला की आपण फेरफार म्हणतो. गंमत अशी की इंग्रजीत जमिनीच्या फेरफारालाही म्युटेशन म्हणतात आणि जनुकातल्या अशा बदलालाही म्युटेशनच म्हणतात. फरक एवढाच की इथे मंडळ अधिकारी नाही. जो फेरफार झाडाला झेपला तो टिकला, जो झेपला नाही तो गेला. आणि शेतकऱ्याला जो आवडला, तो त्याने पुढच्या वर्षी पेरला.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक झाडाकडे दप्तराच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून आलेली. पराग किंवा बीजांड तयार होताना यातली एकच प्रत पुढे जाते. पण जशीच्या तशी जात नाही. समजा एक चऱ्हाट लाल आहे आणि एक पांढरे. दोन्ही शेजारी ठेवली, एकाच जागी कापली आणि लालाचे टोक पांढऱ्याला, पांढऱ्याचे लालाला बांधले. आता दोन्ही चऱ्हाटे लाल-पांढरी झाली. गुणसूत्रांची अशीच अदलाबदल होते. कुठे तुटायचे ते दर वेळी वेगळे. म्हणून प्रत्येक परागकणातली प्रत वेगळी, प्रत्येक बीजांडातली वेगळी. ही अदलाबदल खरोखर दोरी तुटून आणि जुळून होते, हे १९३१ मध्ये अमेरिकेत हॅरिएट क्रायटन आणि बार्बरा मॅक्लिंटॉक या दोघींनी सिद्ध केले. कशावर? मक्यावरच! खानखोजे चापिंगोला मक्याचे संकर करत होते, त्याच काळातली ही गोष्ट.

झालं, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हेच. कंपनीकडून येते ते संकरित बी दोन शुद्ध वाणांचे पहिले लेकरू असते. सगळ्या बियांना आईची एकसारखी प्रत आणि बापाची एकसारखी प्रत मिळालेली, म्हणून शिवार सारखे दिसते. पण त्या पिकाने पराग आणि बीजांडे तयार केली की पत्ते पिसले जातात. दुसऱ्या पिढीत प्रत्येक दाण्याच्या हातात वेगळा डाव येतो. म्हणून कुणी उंच, कुणी बुटका. त्यात संकराचा जोमही उतरतो. बियाणं खराब नव्हतं, भाऊ. पत्ते पिसले गेले होते.

झाडाखालच्या शाळा

खानखोजे नुसते प्रयोगशाळेत बसले असते, तर मी आज त्यांच्यावर लिहिले नसते. बी सुधारले तरी ते शेतकऱ्याला समजले नाही, तर उपयोग काय, हे त्यांना पुरते ठाऊक होते. त्यांनी शेतकरी संघटनांच्या मदतीने चापिंगोच्या आसपासच्या गावांत मुक्त कृषी शाळा काढल्या. फी नाही, इमारतीचा थाट नाही. झाडाखाली, उघड्यावर वर्ग भरत. शिकायला येणारे म्हणजे शेतात राबणारे बाप्ये, बाया आणि पोरं. त्यातल्या एका शाळेला एमिलियानो झापाता यांचे नाव दिले होते. झापाता म्हणजे जमिनीसाठी लढून १९१९ मध्ये मारला गेलेला तिथला शेतकऱ्यांचा पुढारी.

कणीस कसे निवडायचे, बी कसे राखायचे, हे तिथे हातात कणीस देऊन शिकवले जाई. आज आपण ज्याला शेतीशाळा म्हणतो, ज्यात शेतकरी स्वतः पिकात उतरून कीड मोजतो, त्याचेच हे रूप. आपल्याकडे हा कार्यक्रम नवा म्हणून आला, तेव्हा वर्ध्याचा एक माणूस तसलेच काम साता समुद्रापलीकडे सत्तर वर्षांआधी करून बसला होता.

मेक्सिकोचे थोर चित्रकार दिएगो रिवेरा हे खानखोजे यांचे स्नेही होते. मेक्सिको शहरात शिक्षण मंत्रालयाच्या भिंतींवर रिवेरा यांची मोठमोठी चित्रे आहेत. त्यातल्या एका चित्रात गोरगरिबांच्या पंगतीत मधोमध बसून भाकरी मोडून वाटणारा माणूस दिसतो. तो माणूस खानखोजे यांच्यावरून काढला आहे, असे मानले जाते. आपल्या माणसाला परक्या देशाने भाकरी देणारा म्हणून भिंतीवर बसवावे, यापेक्षा मोठा सत्कार कोणता?

१९३६ मध्ये त्यांनी बेल्जियमच्या जीन नावाच्या बाईंशी लग्न केले. सावित्री आणि माया या दोन मुली झाल्या. नावे बघा, परदेशात जन्मलेल्या मुलींची नावे घरचीच.

नागपूरची शेवटची वर्षे

इंग्रज असेपर्यंत त्यांना परतता आले नाही. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये ते जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारच्या निमंत्रणावरून शेतीविषयक सल्ल्यासाठी आले. चाळीस वर्षांवर वनवास झाला होता. ऐन विशीत गेलेला पोरगा साठी ओलांडून परतला. पुढे १९५५ च्या सुमारास कुटुंबासह ते नागपुरात कायमचे राहायला आले. जानेवारी १९६७ मध्ये नागपुरातच त्यांचे निधन झाले.

इथे एक गोष्ट सरळ सांगितली पाहिजे. मेक्सिकोतली हरितक्रांती खानखोजे यांनी केली, असे काही जण उत्साहाने लिहितात. ते बरोबर नाही. नॉर्मन बोरलॉग १९४४ मध्ये मेक्सिकोत आले, त्यांच्या बुटक्या गव्हाने पुढे इतिहास घडवला, आणि त्याचे श्रेय त्यांचेच. खानखोजे त्याआधीच्या पिढीचे. त्यांनी वाट मळली, शेतकऱ्याला बियाण्याचा विचार करायला शिकवले. तेवढे मोठेपण पुरेसे आहे, उसने नको.

पण खंतही सांगतो. ज्याने एका देशात शेतीची शाळा झाडाखाली नेली, त्याच्या अनुभवाचा फायदा आपल्या विदर्भाने किती करून घेतला? मेक्सिकोत चापिंगोच्या विद्यापीठात सप्टेंबर २०२२ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. आपल्या किती गावांत, किती शाळांत त्यांचे नाव घेतले जाते, ते ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

त्यांच्यामागे जे सापडले

डीएनएच्या दोरीची रचना १९५३ मध्ये उलगडली. खानखोजे तेव्हा हयात होते, पण त्यांचे मक्याचे दिवस मागे पडले होते. त्यांनी ज्या दोन झाडांवर काम केले, त्यांचे नाते पुढे दाण्यादाण्याने उलगडत गेले.

अमेरिकेतले जॉर्ज बीडल यांनी १९३० नंतरच्या दशकात मांडले होते की मका हा तेओसिंतेचाच लेक आहे आणि दोघांतला मोठा फरक चार-पाच जनुकांवर येऊन थांबतो. बरीच वर्षे कुणी मानले नाही. शेवटी तेच खरे ठरले. नैर्ऋत्य मेक्सिकोतल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी शेतकऱ्यांनी या गवतातून मका घडवला. तेव्हा ना प्रयोगशाळा होती ना पदव्या. होती फक्त नजर.

मॅक्लिंटॉक बाईंनी आणखी एक अजब गोष्ट मक्यात पाहिली. दाण्यावर रंगाचे ठिपके येत आणि ते नियमात बसत नव्हते. त्यांनी शोधले की डीएनएचे काही तुकडे आपली जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसतात. काही जण आपली नक्कल करून ती दुसरीकडे चिकटवतात. एका गटाच्या पानावरची नोंद उडून दुसऱ्या गटाच्या पानावर बसावी, तसे. लोकांनी त्यांना वेड्यात काढले. १९८३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. मक्याच्या गुणसूत्रांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९८१ मध्ये चापिंगोहूनच प्रसिद्ध झाला, हा योगायोगही ध्यानात ठेवण्यासारखा.

२००९ मध्ये मक्याचे सगळे दप्तर वाचून झाले. सव्वादोनशे कोटींहून अधिक अक्षरे, आणि त्यांपैकी शेकडा पंच्याऐंशी भाग अशा उड्या मारणाऱ्या तुकड्यांचा! तेओसिंतेचे झुडूप जाऊन मक्याचा एक दांडा का झाला, याचे उत्तरही अशाच एका तुकड्यात सापडले. फांद्या आवरणाऱ्या एका जनुकापासून साठेक हजार अक्षरे अलीकडे हा तुकडा येऊन बसला आणि त्याने त्या जनुकाचा जोर वाढवला. मुली अंगणात चौकोन आखून लंगडी घालतात, त्या खेळाचे इंग्रजी नाव शास्त्रज्ञांनी या तुकड्याला दिले आहे, हॉपस्कॉच. हा बदल गवतात आधीच होता. शेतकऱ्याने तो हेरला आणि राखला.

२०२३ मध्ये आणखी एक उलगडा झाला. बाल्सास खोऱ्यातला मका जेव्हा उंच पठारावर गेला, तेव्हा तिथल्या डोंगरी तेओसिंतेशी त्याचा संकर झाला. आज जगभरच्या मक्याच्या दप्तरात पाचवा हिस्सा या डोंगरी गवताचा आहे. आणि चापिंगोच्या आसपासच्या पठारावर वाढते ते हेच गवत. म्हणजे खानखोजे जो संकर हाताने करत होते, तो निसर्गाने आणि जुन्या शेतकऱ्यांनी हजारो वर्षांपूर्वी करून ठेवला होता. तुमच्या वावरातल्या भुट्ट्यातही त्याचा अंश आहे.

आपल्या पऱ्हाटीपर्यंत

आता हे सगळे नागपूरला आणून जोडतो. नागपूरहून वर्ध्याच्या रस्त्याला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, १९७६ पासूनची. कापसातले जनुकांचे काम तिथे चालते. संकरात दोन झाडांची सगळी दप्तरे मिसळतात. बीटी कापसात तसे नाही. तिथे मातीतल्या एका जिवाणूच्या दप्तरातला नेमका एक तुकडा काढून कापसाच्या दप्तरात बसवला आहे. बोंडअळीला मारणारे प्रथिन तो तुकडा तयार करतो. आपल्या देशात २००२ मध्ये त्याला परवानगी मिळाली.

असा तुकडा बियाण्यात आहे की नाही हे तपासायला आता यंत्र आहे. बियाण्यातून काढलेल्या डीएनएतला हवा तोच तुकडा ते यंत्र दुप्पट करते, मग चौपट, मग आठपट. अशा तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींवर होतात आणि मग तो ओळखता येतो. बियाण्याच्या शुद्धतेची भांडणे आता या तपासणीने मिटवता येतात.

पण लक्षात ठेवा, दप्तर एकट्या कापसाचे बदलत नाही, अळीचेही बदलते. गुलाबी बोंडअळीच्या शरीरात बीटीचे विष ज्या जागी चिकटते, त्या जागेच्या जनुकात फेरफार झाले. असे फेरफार झालेल्या अळ्या जगल्या आणि वाढल्या. २०१७ चा हंगाम विदर्भ विसरलेला नाही. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमचे साधे बियाणे येत असे. ते बांधाने लावायचे होते, म्हणजे साध्या अळ्या जगतील, फेरफारवाल्या अळ्यांशी त्यांचा संकर होईल आणि फेरफाराचा जोर वाढणार नाही. आपण ते पाकीट फेकून दिले. आणि आम्हा खात्याच्या लोकांनीही त्यामागचे कारण तुम्हाला कधी धड समजावून सांगितले नाही. लावा म्हणालो, का लावा ते सांगितले नाही. खानखोजे यांच्या झाडाखालच्या शाळेची उणीव ती हीच.

तेव्हा आपण काय करावे

संकरित बियाणे दर वर्षी नवे घ्या, त्याचे कारण आता तुम्हाला कळले. घेताना पक्की पावती मागा. पिशवी, टॅग आणि थोडे बी हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा. परवाना नसलेले, कानोकानी विकले जाणारे बियाणे घेऊ नका. तक्रार करायची वेळ आली तर त्याला मायबाप नसतो.

सुधारित वाणाचा किंवा गावरान मका असेल, तर बी घरचे राखता येते. कणसाच्या ढिगातून निवडू नका, उभ्या पिकातून निवडा. दुसऱ्या वाणाच्या मक्यापासून दोनशे मीटर अंतर ठेवा. धुऱ्याकडची झाडे सोडा, मधली घ्या. दोन-चार कणसांवर भागवू नका, शंभरावर चांगल्या झाडांचे दाणे एकत्र करा, म्हणजे वाण खुरटणार नाही. आणि हेही माहीत असू द्या की २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, शेजाऱ्याला देण्याचा हक्क तुम्हाला दिलेला आहे. ब्रँडचे नाव लावून विकायचे नाही, एवढेच बंधन. जुने, जपलेले वाण शेतकऱ्याच्या नावावर नोंदवताही येते.

सरपंच, ग्रामसेवक आणि कृषी सहायक बंधूंना एक विनंती. यंदाची बियाण्याची सभा सभागृहात न घेता कुणाच्या तरी वावरात घ्या, झाडाखाली घ्या. हातात कणीस द्या, तुरा दाखवा, मिशी दाखवा आणि कारणासकट सांगा. सुरुवातीला दोन मिनिटे वर्ध्याच्या पांडुरंग खानखोजे यांचे नाव घ्या. हार-तुऱ्याची गरज नाही. मक्याचा तुरा पुरेल.